न काढलेला चेहरा

ज्या पत्राला नकाऱ्यांनी उत्तर दिलं नाही, ते त्यांनी उघडलंच नव्हतं. हे कुणाला सांगितलं असतं तर त्यानं त्यांना एक तर निर्दय म्हटलं असतं, नाहीतर खोटारडे. पत्र मुलीचं होतं. थंडीत एक पुठ्ठ्याचं खोकं आलं, आत टॅब्लेट, टॅब्लेटच्या काचेवर पाकीट आणि पाकिटावर तिच्या उभ्या अक्षरात 'बाबांना' एवढंच. नकाऱ्यांनी पाकीट उचललं, क्षणभर हातात तोललं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात घालून ठेवलं. राग नव्हता, रुसवा नव्हता. सवय होती. एका प्रकाशकाकडे हस्तलिखितं वाचण्यात त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि प्रत्येक हस्तलिखिताबरोबर लेखकाचं एक पत्र असायचंच. आई अंथरुणाला खिळलेली असताना हे लिहिलं, नोकरी सुटली तेव्हा लिहिलं, यावर माझं सगळं अवलंबून आहे. नकाऱ्यांचा नियम असा, की आधी काम वाचायचं, पत्र मागून. पत्र आधी वाचलं की माणूस दिसायला लागतो, आणि एकदा माणूस दिसला की चुका दिसेनाशा होतात. काम वाचून झालं की ते एका पानाचा अभिप्राय लिहीत. मालक त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं वाचत, आणि ते बहुतेक वेळा 'नाकारावे' असं असे. त्यावरून कार्यालयातल्या कुणीतरी त्यांचं नकारे असं बारसं केलं. खरं आडनाव मागे पडलं. एकदा मालकच तोंडावर चुकून "नकारे, जरा या" म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. पण नकारे "आलो" म्हणून उठले होते.

मुलगी व्हिडिओ गेम बनवायची. दूरच्या शहरात, आणखी दोघांबरोबर, एका खोलीत. तिच्या कामाबद्दल कुणी विचारलं तर नकारे "संगणकाचं काहीतरी" म्हणत आणि मग दिवसभर त्या 'काहीतरी'ची त्यांना लाज वाटत राही. टॅब्लेटमध्ये होता तो तिचा पहिला स्वतःचा खेळ. म्हणजे काम समोर होतं, पत्र मागून वाचायचं होतं. अडचण एवढीच की नकाऱ्यांना खेळता येईना. पहिल्याच पायरीवर घोडं अडलं. पडद्यावर एक अंधारा जिना, जिन्याच्या तळाशी एक इवलीशी आकृती, तिला बोटानं वर न्यायचं. बोट लावलं तरी आकृती हलेना. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी पडते आणि काचेला ती कळत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आपलं काही चुकतंय. त्यांनी पान उलटताना लावत तशी बोटाला थुंकी लावली. "ते पुस्तक नाही," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "ओल्या फडक्यावर बोट टेका आणि मग लावा. आणि एवढं दाबू नका, दाराची बेल नाही ती." बोट कळायला लागल्यावर आकृती दोन पायऱ्या चढली आणि कठड्यावरून खाली पडली. पुन्हा चढली, पुन्हा पडली. लिपी येत नसलेल्या भाषेतल्या पुस्तकाबद्दल मत देणारा माणूस नकाऱ्यांना नेहमी हास्यास्पद वाटत आला होता. तेव्हा त्यांनी ठरवलं, आधी लिपी शिकायची. दुसरे खेळ खेळून हात बसवायचा, मग मुलीच्या खेळाकडे यायचं, मग पत्र. या क्रमात त्यांना काहीच वावगं दिसलं नाही. शब्दकोश कपाटात होता, पत्र शब्दकोशात होतं, आणि थंडी सरून उन्हं तापायला लागली होती.

बायकोच्या फोनमध्ये ठोकळ्यांचा खेळ होता, तो त्यांनी पहिला घेतला. रंगीत ठोकळे वरून पडतात, तीन सारखे जुळले की फुटतात आणि एक बाई लाडात येऊन "शाब्बास" म्हणते. नाही जुळले तरी "छान प्रयत्न" म्हणते. नकाऱ्यांना पहिल्या दिवशी गुदगुल्या झाल्या, दुसऱ्या दिवशी संशय आला, आठवड्यानं ते त्या बाईचा तिरस्कार करू लागले. इतकं शाब्बास त्यांना साऱ्या जन्मात कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला म्हटलं नव्हतं. मग पळण्याचा खेळ. बसल्या बसल्या त्यांच्या मनात अभिप्राय उमटे: नायक पळतो, का पळतो हे लेखकालाही ठाऊक नसावं, रस्ता संपत नाही आणि नायक बदलत नाही, धाप मात्र वाचकाला लागते. नाकारावे. मग शेतीचा खेळ, जो त्यांना आवडला आणि आवडल्याबद्दल स्वतःचा राग आला. त्यात एक गाव होतं, गावात एक शेजारीण होती, तिला रोज काहीतरी नेऊन द्यायचं. एकदा गाजर द्यायच्या ऐवजी त्यांचं बोट घसरलं आणि त्यांनी तिला दगड दिला. शेजारीण डोळे मिटून म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं, मला हेच हवं होतं?" नकाऱ्यांनी टॅब्लेट उलटा ठेवला. कुणीतरी भर रस्त्यात आपल्याला कवटाळावं आणि मग कळावं की त्याला आपण दुसरेच कुणी वाटलो होतो, तसं त्यांना झालं. पुढे ते दोनतीन दिवस तापानं पडले. उठून शेतात गेले तर पीक वाळलं होतं आणि शेजारीण कुंपणाशी उभी राहून म्हणत होती, "आलात? आम्हाला वाटलं, विसरलात." नकारे तिला मोठ्यानं म्हणाले, "ताप होता हो." बायकोनं ऐकलं. तिच्या हातातलं कापड झटकायचं थांबलं. घरात कुणाला कारण सांगायची नकाऱ्यांना सवय नव्हती.

बंदुकीचा खेळ सगळ्यांत अवघड. एका ओसाड गावात माणसं उतरतात, खरी माणसं, कुठल्या कुठल्या घरांत बसून खेळणारी, आणि शेवटचा एक उरेपर्यंत एकमेकांना मारतात. नकाऱ्यांना मारता येईना. नेम धरेपर्यंत समोरचा निघून जाई, आणि नाही गेला तर तेच बंदूक खाली घेत. म्हणून त्यांनी एक घर शोधलं, घरातलं कपाट शोधलं आणि कपाटामागे जाऊन बसले. बाहेर गोळ्या चालल्या होत्या, गाव रिकामं होत होतं, आणि नकारे कोपऱ्यात बसून भिंतीवरच्या कागदाची नक्षी बघत होते. फार दिवसांनी त्यांना इतकं शांत वाटलं. तेवढ्या एका बैठकीत ते शेवटच्या तिघांत पोचले. न मारता, न हलता, केवळ कुणाच्या नजरेला न पडता. मग दार वाजलं आणि टॅब्लेटमधून दोन आवाज आले.

"अरे, हा बघ. हा इथं बसलाय."

"मार ना मग."

"थांब. हा हलत का नाही? आधीच मेलाय काय?"

"घरी जेवायला गेला असेल. ए आजोबा, जेवलास का?"

'आजोबा' हा शब्द त्यांनी गमतीनं वापरला होता, त्यांना काय ठाऊक. दोघं नकाऱ्यांभोवती नाचले, उड्या मारल्या, एकानं त्यांच्या डोक्यावर चढून दाखवलं. नकाऱ्यांना एवढंच कळत होतं की आपण काहीतरी करायला हवं, आणि काय करायचं ते आठवत नव्हतं. मग त्या दोघांनी त्यांना मारलं. काच काळी झाली आणि काचेत त्यांना स्वतःची हनुवटी दिसली.

हात बसत आला होता. आता मुलीचा खेळ घ्यायचा, असं म्हणता म्हणता उन्हाळाही उतरला, आणि एका दुपारी नकारे दाताच्या डॉक्टरकडे कवळी बसवून घ्यायला गेले. बाहेरच्या खोलीत काचेचं टेबल, जुनी मासिकं, भिंतीवर दाढेचं उभं कापलेलं चित्र. शेजारी कचेरीतून आलेली असावी अशी एक बाई फोनमध्ये मान घालून बसली होती. नकाऱ्यांनी घसा खाकरला. निदान त्यांना तसं वाटलं. दोन आखूड, एक लांब, शेवटी किंचित ओढलेला. हात सवयीनं तोंडाशी गेला आणि मग ध्यानात आलं, तोंड मिटलेलं आहे. घसा हलला नव्हता. पुन्हा तोच आवाज आला. आपला खोकला आपल्या अंगाबाहेरून ऐकू येणं याला काय म्हणावं हे त्यांना सुचेना. अंगावरचा सदरा समोरून कुणी घालून चाललेला दिसावा, तसं काहीसं.

"माफ करा," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"खेळ आहे काका." बाईनं मोकळेपणानं फोन त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक खोली, टेबल, टेबलाशी मान खाली घालून वाचणारा एक म्हातारा. केसांचा भांग, वाकलेले खांदे. चेहरा दिसत नव्हता. "याला काहीही आणून द्या, ढिम्म. 'ठेव तिथे, पाहू' म्हणतो आणि पुन्हा वाचतो. पण बोट लावलं ना, की खोकतो. बघा." तिनं बोट लावलं. म्हातारा खोकला. तिनं टकटक लावली, म्हातारा खोकत सुटला. "आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी ही रिंगटोन लावलीय. मीटिंगमध्ये कुणाचा फोन वाजला की सगळे म्हणतात, ठेव तिथे."

"अच्छा," नकारे म्हणाले आणि हसले. समोरचा हसला की हसायचं, एवढं लोकव्यवहाराचं ज्ञान त्यांच्यापाशी होतं. "तो वर कधी बघतो?"

"तेच तर कुणाला कळत नाहीये. माझा नवरा म्हणतो, म्हातारा मेलाय आणि बनवणाऱ्यांनी सांगितलं नाही."

मग त्यांना आत बोलावलं. डॉक्टरनं त्यांच्या तोंडात गुलाबी मेणाचा गोळा कोंबला आणि घट्ट चावून बसा म्हणून सांगितलं. नकारे चावून बसले. बाहेरून तो खोकला येत होता, मधूनमधून, आणि त्यांना तोंड उघडायची सोय नव्हती.

घरी येऊन त्यांनी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्र लहान होतं. बाबा, खेळ होत आलाय. त्यात एक म्हातारा आहे, तो तुम्ही आहात. तुमचा खोकला मी गेल्या वेळी आले तेव्हा भिंतीपलीकडून फोनवर धरून घेतला, तुम्हाला न विचारता. नको असेल तर कळवा, काढून टाकते. कळवलं नाहीत तर चालेल असं समजेन. पण चेहरा मी न विचारता घेणार नाही. घरातल्या सगळ्या फोटोंत तुम्ही खाली बघताय, एक समोर बघणारा पाठवा. शेवटी म्हाताऱ्यानं वर बघायचंय. खेळ बाहेर पडायला महिना आहे. एवढंच. नकाऱ्यांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. त्यांच्या हातून आजवर कितीतरी लेखकांची पत्रं अशी उशिरा उघडली गेली असतील, पण त्यांतल्या कुणी त्यांच्याकडे काही मागितलेलं नव्हतं. मागितलं असेल ते मालकांकडे. आपल्यालाच उद्देशून लिहिलेलं पत्र असू शकतं, ही शक्यता त्यांच्या नियमात धरलेली नव्हती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"खेळाचं? मी तर केव्हाच खेळले. पुरा केला."

"पत्राचं."

"पत्र तर तुम्हीच खोक्यातून उचललं होतंत." ती त्यांच्या हातातल्या उघड्या घड्यांकडे आणि फाटलेल्या पाकिटाच्या कोऱ्या कडेकडे बघत राहिली, आणि तिला कळत गेलेलं नकाऱ्यांनी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. "म्हणजे तुम्ही आत्ता... मला वाटलं, तुम्ही वाचलंत आणि नेहमीसारखे गप्प बसलात. मी तिला तसंच सांगितलं. म्हटलं, वाचलंय त्यांनी, तू वाट बघू नकोस." ती खुर्चीवर बसली. "गप्प बसलात हेच बरं होतं हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाऱ्यांनी ओलं फडकं शेजारी ठेवून मुलीचा खेळ सुरू केला. जिना या वेळी चढला गेला. वर एक घर होतं. त्यांचं नव्हे, कुणाचंही असेल असं. पण दारांची उंची अशी काढली होती की कडी हाताला येत नाही. घरात वस्तू होत्या. एका वेळी एकच उचलायची आणि लांबलचक बोळातून शेवटच्या खोलीत न्यायची. त्यांनी आरसा नेला. "ठेव तिथे. पाहू." शब्द दुसऱ्या कुणाच्या आवाजातले होते, पण त्याआधीची खाकर त्यांची. त्यांनी घड्याळ नेलं, एक बूट नेला, खिडकीत मरून पडलेला पक्षी नेला. ठेव तिथे. पाहू. प्रत्येक खेपेला घर थोडं रिकामं आणि खोली थोडी भरलेली. कुणी शाब्बास म्हणत नव्हतं. छान प्रयत्न म्हणत नव्हतं. मधेच त्यांच्या लक्षात आलं, की वस्तू टेबलावरच ठेवायला हवी असं नाही, म्हाताऱ्याच्या अंगावरही ठेवता येते. बायको म्हणाली, सगळे तेच करतात, पुरून टाकतात त्याला आणि फोटो काढून एकमेकांना पाठवतात. नकाऱ्यांनी खुर्ची त्याच्या खांद्यावर ठेवली. गादी ठेवली, पेटी ठेवली. भांग दिसेनासा झाला. ढिगाखालून खोकला आला, बारीक, कोंडलेला, आणि नकाऱ्यांना त्या क्षणी जे झालं ते त्यांनी नीट न्याहाळलं. दुःख नव्हतं ते. मजा होती. त्यांनी आणखी एक कपाट आणून वर ठेवलं आणि पुन्हा बोट लावलं.

मग त्यांनी ढीग त्याच्या अंगावरून काढून भिंतीशी लावला, आणि एकेक वस्तू संपत गेली. शेवटी घर पुरतं रिकामं झालं, भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले, आणि ती इवलीशी आकृती हात खाली सोडून खोलीच्या दारात उभी राहिली. आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. खेळ संपला असं कुठे लिहून आलं नाही. आकृती उभी, म्हातारा वाचतोय. नकारेही थांबले. भाजीवाल्याची हाक येऊन गेली, पलीकडच्या घरातला नळ वाजून बंद झाला. वर बघ, असं त्यांना वाटलं असेल, पण त्याच्या आधी दुसरंच काही वाटून गेलं होतं, जुन्या ओळखीचं, पाठीच्या कण्यातून वर येणारं. कित्येक वर्षांत एखाद्याच हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर ते आलं असेल. हे चांगलं आहे. हे फार चांगलं आहे. आणि हे चांगलं आहे ते त्यानं वर पाहिलं नाही म्हणूनच.

इथून त्यांची झोप गेली. कारण त्यांना एक पुठ्ठ्याचा खेळ आठवत होता. मुलगी शाळेत असताना तिनं तो आखला होता, खोक्याच्या झाकणावर, घरं, विहिरी, एक वाघ आणि फाशाऐवजी चिंचोके. नियम लिहून तिनं ते त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. त्यांनी पाहू म्हटलं, आणि खरंच पाहिलं. आठवड्यानं नियमांचा कागद वाचला आणि तिला दाखवून दिलं की तिच्या नियमांप्रमाणे कुणी कधी घरी पोचूच शकत नाही, वाघ प्रत्येकाला खातो. तिनं नियम दुरुस्त केले. बिनचूक केले. त्यानंतर तो खेळ कुणी खेळलं नाही, तीही नाही. आधी सगळ्या आळीतली पोरं त्या वाघाकडून खाल्ली जाण्यासाठी रांग लावत होती. तेव्हा नकारे बरोबर होते. आज ते बरोबर आहेत हे त्यांना तेव्हाइतकंच स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती.

रविवारी मुलीचा फोन आला. बायको तो नेहमी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावायची, नकारे पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचे. दोघंही हे ठरवून करत असत असं नाही.

"सुधारलेला खेळ काढतोय आम्ही," मुलगी म्हणत होती. "या महिन्यात काम संपवायचंय. मग मी त्याला पुन्हा हात लावणार नाही, दुसरं सुरू करायचंय. बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. कवळी बसवली. अगं, त्यांनी खेळ खेळला."

"खरंच?"

"सबंध. आणि म्हाताऱ्याला पुरलंही."

मुलगी हसली. नकाऱ्यांनी ते हसू ऐकलं, तिच्या लहानपणचं नव्हतं ते, त्यांना अनोळखी होतं. "सगळे पुरतात," ती म्हणाली. "लोकांना तो तसाच आवडतो. माझ्याबरोबर काम करणारे दोघं म्हणतात, बदलू नकोस. पण मला नाही आवडत, आई. मी सगळा खेळ त्यानं एकदा वर बघावं म्हणून बनवला. आणि नेमकं तेवढंच राहिलं."

बायको फोन घेऊन खोलीच्या दारात आली आणि तो त्यांच्यापुढे धरला. नकाऱ्यांनी मान हलवली. खाकरायचीही सोय राहिली नव्हती. तो आवाज आता त्यांचा एकट्याचा नव्हता. "लिहितो म्हणावं," ते हळू म्हणाले.

"लिहितो म्हणतायत."

"लिहितील?"

"म्हणतायत तर."

"बरं," मुलगी म्हणाली. त्या 'बरं'मध्ये एवढी आशा होती की बायकोनं फोन छातीशी धरून नकाऱ्यांकडे पाठ केली.

फोटो त्यांनी काढला. चौकापलीकडच्या दुकानात, पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून. फोटोवाला बडबड्या होता. "काका, मान वर. अजून. इकडे बघा, माझ्या कानाकडे नको, काचेत बघा. अहो, कॅमेरा चावत नाही. कशासाठी हवाय, पासपोर्ट?" नकारे म्हणाले, मुलीला हवाय. "मग मुलगी समोर आहे असं समजा." नकाऱ्यांनी तसं समजून पाहिलं आणि त्यांची नजर आपोआप गुडघ्यांवर गेली. फोटोवाल्यानं शेवटी येऊन दोन बोटांनी त्यांची हनुवटी उचलून धरली आणि बाजूला उडी मारून बटण दाबलं. छापून हातात आला तो चेहरा ते रस्त्यात थांबून बघत राहिले. डोळे विस्फारलेले, ओठ अर्धवट उघडे. कुणी खोलीत अचानक दिवा लावल्यावर दिसावा तसा. या चेहऱ्याची वाट बघत एवढं घर रिकामं करायचं? बोळाच्या शेवटी उभ्या असलेल्या त्या आकृतीला हे दिसणार? ती दिलासा मिळाल्यासारखी वाटेल, खेळणारे डोळे पुसतील, शेजारणीनं दगड छातीशी धरावा तसं होईल सगळं. खोटं. एका वर बघण्यानं आधीच्या सगळ्या खेपा खोट्या पडतील.

टेबलाशी बसून त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर 'चिरंजीव' लिहिलं आणि पुढे शब्द येईना. दुसऱ्यावर पत्र उशिरा उघडल्याचं लिहायला लागले, वाक्य तीनदा फिरवलं, प्रत्येक वेळी ते लेखकांच्या पत्रांसारखं ओलं होई, फाडून टाकलं. तिसऱ्या कागदावर मायना न घालता खेळाबद्दल लिहायला सुरुवात केली आणि लेखणी चालू लागली. जिन्यावरचा अंधार बरोबर साधला आहे. कड्यांची उंची कुणाच्या लक्षात येणार नाही, तरी ती बदलू नकोस. पक्ष्यानंतर लगेच आरशाची खेप येऊ शकते, ते टाळता आलं तर पाहा. शेवट असा की मी त्यापुढे बराच वेळ बसून राहिलो. हे उत्तम काम आहे. आजवर जे काही वाचलं, त्यात असा शेवट करायचं धाडस फार थोड्यांनी केलं. म्हणून सांगतो, चेहरा काढू नकोस. त्यानं वर पाहिलं की खेळ मोडेल. खोकला ठेव. पान भरलं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तिच्याबद्दल इतकं चांगलं ते कधी कुणाजवळ बोलले नव्हते, स्वतःजवळही नाही, आणि ते खरं होतं, शब्द न् शब्द खरा होता. मग त्यांनी स्वतःला विचारलं: हे मत आहे की कपाटामागची जागा? त्यांनी पान पुन्हा वाचलं. भित्र्या माणसानं लिहिलं असतं तरी असंच लिहिलं असतं, आणि निर्भीड माणसानंही असंच. अक्षरात फरक पडला नसता.

बायकोनं चष्मा लावून वाचलं. एका जागी तिचा चेहरा उजळला, 'उत्तम'पाशी असावा. मग तिची नजर खाली आली.

"आणि फोटो?"

"नाही पाठवत."

"काढलात ना पण."

"खेळाला चेहरा नकोय."

"तिला हवाय."

"तिचं चुकतंय," नकारे म्हणाले. "तिचे दोघंही तेच सांगतायत. कुणालाही विचार."

"मी फोटो घेऊन परस्पर पाठवला असता," बायको म्हणाली, "पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती घेणार नाही. तेवढी तुमचीच आहे ती." तिनं कागदाची घडी होती तशी घातली. "अहो, ती खेळाबद्दल विचारत नव्हती."

"माहीत आहे मला."

बायकोनं चष्मा काढला. नकाऱ्यांना वाटलं, ही आता काहीतरी तोडून बोलेल. पण ती नुसती म्हणाली, "माहीत आहे तर," आणि उठून आत गेली. आतून ठोकळे फुटल्याचा आवाज येऊ लागला.

टपाल कचेरीत खिडकीपाशी थोडी रांग होती. नकाऱ्यांच्या एका खिशात पाकीट होतं आणि दुसऱ्यात फोटो. पाकिटाला त्यांनी अजून डिंक लावला नव्हता. पुढची बाई पार्सल बांधून घेत होती, सुतळी पुरत नव्हती, कारकून कुरकुरत होता. तेवढ्या वेळात त्यांनी फोटो दोनदा बाहेर काढला आणि दोनदा परत खिशात ठेवला. मग काचेसमोरच्या बाटलीतल्या डिंकानं पाकिटाची कड ओली करून ती अंगठ्यानं नीट दाबून बसवली, कोपऱ्यांशी जास्त, आणि पाकीट खिडकीतून आत सरकवलं.

"साधं की रजिस्टर?" कारकुनानं विचारलं.

"साधं."

कारकुनानं तिकिटावर शिक्का मारला आणि न बघता ते मागच्या थैलीत टाकलं. थैली भरत आली होती. पाकीट वरच राहिलं, पत्ता वर करून. खिडकीतून हात घातला असता तर पोचलाही असता. नकारे तिथेच उभे राहिले. मागच्या माणसानं दोनदा पाय बदलला.

"काका, झालं ना तुमचं?"

"हो," नकारे म्हणाले. "झालं." आणि ते बाजूला झाले.